जसंच्या तसं

सकाळी फोनवरून वर गेलेला शब्द बदलून परत आला आणि त्याचे बोट पंपाच्या बटणावर तसेच राहिले. एरवी सगळे रोजच्यासारखे होते. नदीकाठच्या पंपहाऊसमध्ये तो आपल्या खुर्चीत बसला होता, खुर्चीचा एक पाय नेहमीसारखा डुगडुगत होता, काचेपलीकडे पंपाच्या मोटारी गप्प उभ्या होत्या आणि त्याने रोजचेच वाक्य फोनमध्ये म्हटले होते, ''पंप चालू करतोय, रिझर्वायर भरायला घेतोय.'' वरून, म्हणजे डोंगरावर जिथे ते पाणी जाऊन साठते तिथून, उत्तर आले, ''पंप चालू करतोय, रेझव्वार भरायला घेतोय.'' आवाज वरच्या नेहमीच्या माणसाचा नव्हता, नव्या साहेबांचा होता. रुजू झाल्यापासून ते एकेक जागा बघत फिरत होते, आज वर जाऊन बसले असणार. आवाजात टोमणा नव्हता, हसू नव्हते. बोलता बोलता कुणी आपल्या शर्टाचे चुकीच्या काजात गेलेले बटण नीट लावून द्यावे आणि पुढे बोलत राहावे, तसे ते झाले. आता या कामाचा एक नियम होता, आणि तो नियम त्याच्या हाडात मुरलेला होता. सांगणाऱ्याने सांगायचे, ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणायचे, मग सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचे आणि त्यानंतरच बटणाला हात लावायचा. शब्द इकडचा तिकडे झाला तर 'चूक, परत'. फार पूर्वी म्हणे कुणीतरी निरोप आपल्या शब्दांत परत सांगितला होता आणि डोंगराच्या पायथ्याची घरे पाण्यात गेली होती. त्यामुळे 'चूक, परत' हे त्याच्या जिभेवर आलेच होते. तिथेच ते अडले. कारण त्याला एकदम कळले की चूक वरून खाली आलेली नाही, खालून वर गेली होती. ''हॅलो,'' साहेब म्हणाले, ''बरोबर ना?'' ''बरोबर,'' तो म्हणाला आणि त्याने बटण दाबले. मोटारी धडधडू लागल्या. जन्मात पहिल्यांदा त्याने न जुळलेल्या निरोपाला बरोबर म्हटले होते, आणि त्यातली गंमत अशी की ते बरोबरच होते.

दिवसभर त्याचे कामात लक्ष लागेना. एका शब्दाने माणसाचे एवढे काय जाते, असे तो स्वतःला दटावत होता. पण जात होते हे खरे. हा शब्द त्याने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तो त्याच्या कानात घातला होता त्याच्या आधीच्या ऑपरेटरने, ज्याला सगळे दादा म्हणत. दादांना सिगारेट पिता पिता बोलायची सवय होती, आणि 'वायर' म्हणताना त्यांच्या तोंडातून धुराचा एक झोत निघे. दादांना तो शब्द त्यांच्या आधीच्याकडून मिळाला असणार, त्याला त्याच्या आधीच्याकडून. आता त्याला ते सगळे ओळीने बसलेले दिसू लागले: खालचा सांगतो आहे, वरचा जसेच्या तसे परत देतो आहे, खालचा 'बरोबर' म्हणतो आहे. चूक झालीच तर ती दुरुस्त होणार कशी? दुरुस्त करणे हीच तर चूक. ज्या नियमाने शहर बुडायचे वाचले, त्याच नियमाने तो शब्द असा वाकडाच्या वाकडा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला होता. याचे हसू यायला हवे होते. त्याला हसू आलेही. मग तो आठवू लागला, हा शब्द आपण कुणाकुणासमोर म्हटला. खात्यातल्या वरिष्ठांसमोर. एकदा बाहेरून पाहणीला आलेल्या लोकांसमोर, चांगला खड्या आवाजात, भिंतीवरच्या नकाशावर काठी रोखून. बँकेत कर्जाच्या वेळी. व्याह्यांच्या घरी, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत, काम काय करता असे विचारल्यावर. व्याह्यांनी तेव्हा मान खाली घालून चहा ढवळला होता. चहात साखर नव्हतीच, त्यांना मधुमेह होता. मग ते ढवळत काय होते?

आणि मुलगी. तिच्यापाशी येऊन त्याचे मन थबकले, कारण शुक्रवारी त्याला तिच्या शाळेत जायचे होते. ती इंग्रजी शाळेत शिकवत होती. तिच्या वर्गाला पाण्याचा धडा होता आणि तिने आपणहून म्हटले होते, ''बाबा, नळात पाणी कुठून येतं ते माझ्या मुलांना तुम्हीच येऊन सांगा. इंग्रजीत हं. पण तुमच्या साध्या इंग्रजीत.'' तो आठवडाभर हवेत होता. शर्ट इस्त्रीला देऊन झाला होता, पंपहाऊसमध्ये सगळ्यांना सांगून झाले होते, वॉचमनलासुद्धा. आता सारखे डोळ्यांपुढे येत होते ते तिचे लहानपण. शाळा सुटली की ती पंपहाऊसवर यायची आणि आई न्यायला येईपर्यंत फोनशेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसायची. तिला तो नियम इतका आवडला की घरीही तोच खेळ. ''जेवायला बसतोय,'' हा म्हणायचा. ''जेवायला बसतोय,'' ती परत द्यायची, अगदी त्याच्या आवाजाची नक्कल करून. ''बरोबर,'' म्हटल्याशिवाय घास उचलायची नाही. रात्री पांघरूण ओढून म्हणायची, ''दिवा बंद करतेय, रिझर्वायर फुल,'' आणि तो म्हणायचा, ''दिवा बंद करतेय, रिझर्वायर फुल,'' आणि ती डोळे मिटून म्हणायची, ''बरोबर.'' मग केव्हातरी हे थांबले. एका दुपारी ती स्टुलावर बसली नाही, दाराशीच उभी राहिली. ''आज टाकी भरली का?'' तिने विचारले होते. टाकी! त्याला तेव्हा वाटले, मोठी झाली, खेळ संपला. पोरी मोठ्या होतातच. त्यानंतर तिच्या तोंडून तो शब्द त्याने कधी ऐकला नाही, टाकीच. एवढ्या मोठ्या, डोंगर पोखरून बांधलेल्या जागेला टाकी म्हणतात का कुणी? आणि त्या टाकीचे त्याला इतकी वर्षे काहीही वाटले नव्हते.

घरी येऊन तो आरशासमोर उभा राहिला. रेझव्वार. पहिले 'रे' ठीक होते. मग 'झ'वरून पाय घसरल्यासारखे पुढच्या 'व्व'वर जायचे, त्यासाठी ओठांचा चंबू करायचा, आणि शेवटचा 'र' म्हटल्यासारखा करून गिळायचा. चंबू झाला की 'झ' निसटे, 'झ' पकडला की चंबू फाके. बायको कणीक मळल्या हातांनी दारात येऊन बघत राहिली. ''कुणाला शीळ घालताय या वयात?'' तिने विचारले. त्याने सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ''मला काय विचारता? मी तर डोंगरावरचं पाणीच म्हणते. माझं काही अडलं नाही.'' ''पण पोरीला माहीत असेल का?'' ''काय?'' ''मी चुकीचं म्हणतो ते.'' बायकोने बोटांना चिकटलेली कणीक खरवडली. ''ती इंग्रजी शिकवते हो,'' एवढेच म्हणाली आणि आत गेली. तिने हे उत्तर दिले की टाळले, हे त्याला कळेना. तो पुन्हा आरशाकडे वळला. रेझव्वार, रेझव्वार, रेझव्वार. म्हणता म्हणता शब्द सैल झाला, त्याचे तुकडे पडले, आणि त्या तुकड्यांत पाणी कुठेच राहिले नाही. इतकी वर्षे 'रिझर्वायर' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे एक थंड, काळोखी जागा येई, भिंतीला शेवाळाची रेघ, पाण्यावर वरच्या झरोक्यातला उजेडाचा चौकोन. रेझव्वार म्हटले की आरशातले स्वतःचे ओठ दिसत. मग घाबरून त्याने जुना शब्द म्हणून पाहिला, तर तोही बिघडला होता. त्याला वाटले, आपण दोन्हीकडून गेलो.

दुसऱ्या दिवशी फोनवर वरचा परत आला होता. वरचा म्हणजे वरच्या फोनवरचा माणूस. त्याला वरचा म्हणत आणि याला खालचा. एवढ्या वर्षांत दोघे एकमेकांना फार तर खात्याच्या सभेत, नाहीतर कुणाच्या मयतीला भेटले असतील, पण आवाजावरून एकाला दुसऱ्याची सर्दी कळे. ''पंप चालू करतोय,'' तो म्हणाला आणि थांबला. ''वर भरायला घेतोय.'' ''वर काय?'' वरचा म्हणाला. ''वर रे. ते वरचं.'' ''निरोप नीट दे, राव. वरचं म्हणजे काय, माझं डोकं?'' त्याने श्वास घेतला, चंबू केला आणि म्हणाला, ''पंप चालू करतोय, रेझव्वार भरायला घेतोय.'' ''पंप चालू करतोय, रेझव्वार भरायला घेतोय,'' वरच्याने परत दिले. स्वच्छ. सहज. त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले. बोट पुन्हा बटणावर अडले. ''तुला येतो हा शब्द?'' ''येतो की. इथे यायच्या आधी मी दुसऱ्या खात्यात होतो ना, तिथे असंच म्हणायचे.'' ''म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?'' ''हो.'' ''मग इतकी वर्षं रिझर्वायर, रिझर्वायर काय करत होतास माझ्याबरोबर?'' वरचा खरोखरच गोंधळला. ''तू म्हणालास ते म्हणालो,'' तो म्हणाला. ''जसंच्या तसं. नियमच आहे ना? आता बरोबर म्हण आणि पंप लाव, लेव्हल उतरतेय.'' त्याने बरोबर म्हटले, पंप लावला, आणि फोन ठेवल्यावर त्याला वरच्याचा राग आला. मग वाटले, राग कसला? त्याने आपली लाज राखली की आपल्याला इतकी वर्षे वेड्यात काढले? दोन्ही करायला त्याला एकच गोष्ट करावी लागली असती. मोटारींच्या आवाजात हे कोडे उलटसुलट करत तो चहाचा पेला हातात घेऊन बसला, आणि चहा निवून गेला तरी पिण्याचे भान त्याला राहिले नाही.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी तालीम घ्यायला आली. तो खोलीच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने आपले साधे इंग्रजी म्हणून दाखवले: नदी, गाळणी, पंप, पाइप, नळ. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, लहानपणी बसायची तशी. ''छान झालं,'' ती म्हणाली, ''पण मधलं एक वाक्य गाळलंत, बाबा.'' ''कुठलं?'' ''पंपातून पाणी कुठे जातं?'' ''वर.'' ''वर म्हणजे?'' ''डोंगरावर.'' ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खिडकीकडे पाहिले आणि म्हणाला, ''नव्या साहेबांनी माझा एक शब्द सुधारला.'' ''कुठला?'' ''तुला माहीत आहे कुठला.'' ती खुर्चीच्या हाताची सुटलेली पट्टी नखाने उचकटू लागली. आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. बायको कान देऊन उभी असणार. ''कधीपासून माहीत आहे?'' त्याने विचारले. ''चौथीपासून.'' ''मग बोलली का नाहीस?'' ''आधी लाज वाटली म्हणून,'' ती सरळ म्हणाली. तिने हे इतके सरळ म्हणायला नको होते असे त्याला वाटले, आणि आडवळणाने म्हणाली असती तर ते त्याहून वाईट झाले असते हेही वाटले. ''वर्गात बाईंनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, शब्द तुमचाच. बाईंनी सुधारला. मी म्हटलं, माझे बाबा रोज फोनवर हाच म्हणतात आणि वरून पण तोच येतो, मग चुकेल कसा? तेव्हा सगळे हसले.'' ''मग?'' ''मग काय, टाकी म्हणायला लागले.'' ''आणि मोठी झाल्यावर?'' ''लाज गेली, बाबा. खरंच गेली. पण मग वाटलं, आता सांगितलं तर तुम्ही विचाराल, कधीपासून माहीत आहे.''

तो खाली बसला. त्याला तिचे दुःख झाले आणि स्वतःचेही. कुठले कुणाचे हे त्याला वेगळे करता येईना. त्या दुपारी दाराशी उभी राहिलेली पोर अजून तिथेच उभी आहे आणि आपण तिला बस म्हटलेच नाही, असे काहीतरी वाटले. ''उद्या तुझी मुलं हसतील,'' तो म्हणाला. ''हसली तर हसली.'' हे ती जरा घाईने म्हणाली. ''तुझ्या शाळेतल्या बाकीच्या बाई असतील.'' ''असू देत.'' ''मी कुठला म्हणू?'' ''तुम्हाला जो येईल तो.'' ''ते नाही विचारत मी. तुला कुठला हवाय?'' तिने पट्टी सोडून दिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज शिक्षिकेचा राहिला नव्हता. ''मला नाही माहीत, बाबा,'' ती म्हणाली. ''नीट म्हणालात तर मला बरं वाटेल. आणि नीट म्हणालात तर कसंतरीच वाटेल.'' बायकोने आतून हाक मारली, चहा घेताय का दोघं. दोघांनीही हो म्हटले. चहा पिताना तो शब्द कुणी काढला नाही.

शुक्रवारी वर्गात त्याला अपेक्षेपेक्षा बरे वाटले. मुले लहान होती आणि त्याच्याकडे तोंड उघडे टाकून बघत होती. फळ्यावर मुलीने नदीपासून नळापर्यंतचे चित्र काढून ठेवले होते. डोंगराच्या टोकाला निळा चौकोन होता, त्याखाली मात्र नाव लिहिले नव्हते. ते तिने त्याच्यासाठी मोकळे सोडले की त्याच्यामुळे, हा विचार त्याने बाजूला सारला. एकाने विचारले, नळातून मासा येऊ शकतो का. त्याने सांगितले, मासा आलाच तर आधी मला सांगूनच येईल, आणि सगळा वर्ग हसला. मागच्या भिंतीशी दोन शिक्षिका उभ्या होत्या, त्याही हसल्या, आणि त्यांच्याशेजारी हाताची घडी घालून मुलगी. तिचे हसणे एक क्षण उशिरा आले. मग त्याने नियम सांगितला. आय से, यू से, सेम टू सेम. मी बरोबर म्हणेन, मग बटण दाबायचे. मुलांना ते फारच आवडले. प्रत्येकाने बाकावर बोट ठेवले, जणू तिथे खरेच बटण होते. त्याने हाताची मूठ कानाला फोन म्हणून लावली. आदल्या रात्रीच त्याने मनाशी ठरवून टाकले होते: नवाच शब्द. पोरीची मान खाली जायला नको. त्याने ओठांचा चंबू केला. पण मूठ कानाला टेकली होती, दुसऱ्या हाताचे बोट आपसूक पुढे झाले होते, पलीकडे कुणीतरी ऐकत होते, आणि अशा वेळी जीभ कुणाचे ऐकत नाही. ''पंप ऑन,'' तो म्हणाला, ''रिझर्वायर फिलिंग.''

''पंप ऑन,'' सगळा वर्ग ओरडला, ''रेझव्वार फिलिंग!'' स्वच्छ. एका सुरात. ओठांचे चंबू पार मागच्या बाकापर्यंत. कालच त्यांच्या मिसने त्यांच्याकडून तो शब्द घोटून घेतला असणार, आणि तिने शिकवले तेच मुले म्हणाली, त्यांचे काही चुकले नाही. त्याचे कान तापले. पण त्या गलक्याच्या शेवटी, अर्धा ठोका मागे राहिलेला एक आवाज त्याने ऐकला होता. रिझर्वायर. मोठा नव्हता, पण त्यात 'वायर' होता, दादांच्या धुरासकट, आणि नक्कल इतकी हुबेहूब की तो आवाज त्याचाच असावा असे वाटले. पहिल्या बाकावरची एक मुलगी गर्रकन मागे वळली. ''मिस, यू सेड इट राँग!'' ती आनंदाने म्हणाली. मागच्या दोन्ही शिक्षिका मिसकडे बघू लागल्या. मिसच्या गालांवर लाली चढली, चौथीतल्या पोरीच्या चढावी तशी. ''नो,'' ती म्हणाली, आणि मग इंग्रजी सोडून, ''त्यांनी सांगितलं तेच मी परत दिलं.''

सगळा वर्ग आता त्याच्याकडे बघत होता, बोटे बाकांवर टेकवून. निरोप दोन तऱ्हांनी परत आला होता. नियमाने त्याने चूक म्हणायला हवे होते, पण कुणाला? ती दयेने म्हणाली की नियमाने, की आज इतक्या वर्षांनी ती स्टुलावर येऊन बसली होती, हे त्याला कळत नव्हते, आणि तिलाही कळत असेल असे तिच्या तोंडाकडे पाहून वाटत नव्हते. तो तिच्याकडेच बघत होता. कानाला लावलेली मूठ त्याने अजून काढली नव्हती.

''बरोबर,'' तो म्हणाला, आणि मुलांनी एकदम बटणे दाबली.